जीपची मान

सन १९६३. मी सव्वीस वर्षांचा, दुसरी नापास. त्या साली मी आमच्या तांड्याच्या नाल्याला दीड मण गूळ पाजला.

धाकट्या बहिणीचं, कमळीचं, त्या दिवशी सांजचं लगीन. आर्णीहून गूळ, भाड्याची पितळी गंजं, म्हणजे मोठाली पातेली, आणि आमची आत्या आणायची होती. गूळ आला की लापशी, लापशी झाली की पंगत! लाकडाच्या ठेकेदारानं जीप दिली, मागं दोन चाकांचा ट्रेलर दिला आणि डायवर म्हणून रहीमचाचा दिला. (डायवरला मी बाजूला बसवलं. तीन वेळा जीप चालवलेला माणूस दुसऱ्याच्या हाती गाडी कायले देईल?)

आर्णीत ट्रेलर भरताना चाचा म्हणाला, "बेटा, वजन समोर भर. ट्रेलरचा दांडा जीपवर दाबून राह्यला पाहिजे."

"चाचा, आमचे आजे-पणजे बैलांवर मिठा-धान्याची लदेणी घेऊन मुलूख फिरले! मले भरणं शिकवता? मानेवर ओझं टाकलं की बैल बसते."

"अरे, जीप हाय ते, बैल नाही!"

"मान तर हाय ना?"

जीपची मान दुखू नये म्हणून मी सारा गूळ मागच्या फळीला लावला. त्यावर गंजं. आणि सगळ्यात मागं, हवेशीर जागा म्हणून, आत्या. आत्या म्हणजे तुरीची दोन पोती, वरून लुगडं!

निघालो. ट्रेलर शेपटीसारखा वळवळू लागला.

"काहून हालून राह्यलं रे हे?" मागून आत्या ओरडली.

"चाल तरतरीत हाय, आत्या!"

चाचानं डोळे मिटले. बहुतेक दुवा मागत असावा.

नाल्यात उतरलो ते ठीक उतरलो. पण समोरच्या चढावर ट्रेलरचं बूड खाली बसलं, दांडा वर उठला आणि त्यानं जीपचा मागचा भागच उचलून धरला! चाकं हवेत गरगरली, इंजिन बोंबललं, अन् मागची फळी खाडकन उघडली. आधी आत्या घसरली. मग गूळ. मग गंजं, वाजत-गाजत!

आत्या कमरेएवढ्या पाण्यात बसली होती, मांडीवर गुळाची एक भेली. "मेल्या! लग्नाले आणलं का आंघोळीले?"

माझं ध्यान गुळाकडं. इथं भेल्या विरघळत होत्या, तिथं चुलीवर आधण चढलं असेल. कमळीच्या लग्नात गोड नाही, म्हणजे तिला सासरी जन्मभराचं बोलणं! मी नाल्यात उडी मारली. निम्म्या भेल्या हाती लागल्या, त्याही बोटांतून गळत होत्या.

चाचा खाली उतरला. त्यानं गूळ समोर ठेवला, गंजं समोर ठेवली आणि सगळ्यात समोर आत्या. दांडा दबला, चाकं जमिनीला टेकली आणि जीप शेळीसारखी चढ चढून गेली!

सांजेला लापशी झाली. आत्यानं मांडवभर सांगितलं, "मी होती म्हणून गाडी चढली!" नवरदेवाचा काका म्हणाला, "लापशी जराशी फिक्की हाय. पण येता येता तुमच्या नाल्याचं पाणी प्यालो. लय गोड गाव!"

कमळी पदराआडून हळूच म्हणाली, "दादा, माह्या सासरच्यायले वाटेतच वाढलं का तू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गंजं परत न्यायची होती. आत्या म्हणाली, मी आठ दिवस राहीन. मी गंजं समोर भरली. वरून रेतीची दोन पोती समोर टाकली. तरी मनाला भरवसा येईना. मग स्टेरिंग चाचाच्या हाती दिलं, अन् ट्रेलरात सगळ्यात समोर, आत्याच्या जागेवर, गुपचूप मी जाऊन बसलो!