शौर्याला लागणारं तेल

युद्धं शौर्यावर जिंकली जातात. सोलापुरातल्या आमच्या नगरात दर प्रजासत्ताक दिनी कुणीतरी हे माईकवरून सांगतं आणि आपण सगळे माना डोलावतो. मामा तेवढे डोलावत नसत. शेजारच्याच्या कानाशी लागून म्हणत, "शौर्याला बी तेल लागतंय की."

मी नोकरीला होतो त्या बँकेच्या दारावर मामा पहारेकरी होते. त्याआधी नौदलात, एकाहत्तरच्या लढाईत तेलवाहू जहाजावर, म्हणजे टँकरवर. लढाऊ जहाजांना भर समुद्रात तेल पुरवायचं, हे त्यांचं काम. पुढं बँकेत हाती दुनळी बंदूक आली. दोन्ही नोकऱ्यांत मिळून त्यांनी एकही गोळी झाडली नाही, आणि हे ते स्वतःच हसत सांगत.

पण सोलापुरात टँकर म्हणजे पाण्याचा. "मामा, आमच्या गल्लीत कधी पाठवताय?" कॅशियर विचारायचा.

"पाठवतो की. आदी हितं समुद्र आणा."

जहाजानं त्यांना एक खोड लावली होती. समोरच्या टपरीवर कुणी विडी काढली की मामांचा हात पुढं यायचा. "काडीपेटी हिकडं." साहेबांचीही सुटली नाही.

तेल कसं देतात, हे त्यांनी मला त्याच टपरीवर दोन बशा शेजारी सरकवून दाखवलं. दोन जहाजं एका चालीनं, मधे जाड नळी. तेल जाईपर्यंत वळायचं नाही.

"आणि वरून विमान आलं तर?"

"लढाऊ जहाज नळी सोडून निघतंय. आमी कुटं जानार? पोटात तेल घिऊन हुबं."

असंच तेल देताना समुद्र खवळला, नळी ताणून तुटली आणि तिच्या फटक्यानं मोडनिंबचा महादू पाण्यात गेला. मामांच्या शेजारीच उभा होता. सापडला नाही. एवढं सांगून मामांनी बशा परत कपांखाली ठेवल्या.

आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी नगरात हुतात्मा स्तंभ उभारायचं ठरलं. जिल्ह्यातल्या जवानांची नावं त्यावर कोरायची होती. मामा मला सोबत घेऊन समितीच्या अध्यक्षांकडे गेले.

"महादूचं नाव घाला," ते म्हणाले.

"गोळी लागली होती का त्यांना?"

"न्हाय. तेलाची नळी तुटून लागली."

"मग तो अपघात झाला, मामा."

"लढाईत झाला की."

"खरंय. पण अपघात." अध्यक्षांचा आवाज फार मऊ होता. "आपण असं करू, तुमचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, फेटा."

"मला फेटा नगं, सायेब. त्याच्या मागं कोण ऱ्हायलं न्हाय. नाव तरी ऱ्हाऊ द्या."

"समितीपुढं ठेवतो," अध्यक्ष म्हणाले. समिती म्हणजे कोण, हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे.

तरी मामा उद्घाटनाला आले. छातीवर पदक, दाढी गुळगुळीत. महादूचं नाव अजूनही घालतील, असं त्यांना वाटत असावं. निवेदकानं त्यांना 'शत्रूवर तोफा डागणारे आपले मामा' म्हणून व्यासपीठावर बोलावलं आणि समईसाठी काडी पुढं केली.

"काडी नगं, माईक द्या," मामा म्हणाले. माईक मिळाला. "तोफ न्हाय डागली. आमी तेल देत हुतो. माज्यासंगं मोडनिंबचा—"

तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली आणि बँडवाल्यांनी सुरुवात केली. बँड थांबला तेव्हा माईक अध्यक्षांच्या हातात होता आणि मामांच्या डोक्यावर फेटा.

घरी परतताना मामा एवढंच म्हणाले, "मोठ्यानं बोलाय पायजे हुतं."

त्यानंतर दोनदा ते अध्यक्षांच्या घरी जाऊन बसून आले. तिसऱ्यांदा जायची ताकद राहिली नव्हती. ते गेल्यावर शोकसभा झाली. तिथल्या भाषणांतही मामांनी तोफाच डागल्या.

परवा मी स्तंभ नीट वाचला. महादूचं नाव नाही. सगळ्यांत ठळक नाव अध्यक्षांच्या वडिलांचं आहे, कारण स्तंभ त्यांच्या स्मरणार्थ आहे. ते मधुमेहानं वारले.