भाऊंना द्यायचा होता तो हत्ती

त्या गुरुवारी दुपारी भाऊंच्या नंबरवरून आमच्या ग्रुपवर मेसेज आला आणि तो न वाचताच मी चिडलो. आम्ही पाच म्हातारे मिळून कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळतो. पुढची खेळी कोणती, याचं मत ग्रुपवर टाकायचं नाही, असं आमच्यात पक्कं ठरलेलं. भाऊंनी आज नियम मोडला, असं मनाशी म्हणत मी चष्मा शोधला. मेसेज त्यांच्या मुलानं लिहिला होता. बाबा सकाळी गेले, एवढंच... अमरावतीहून निघून मी अकोल्यात पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. घरासमोर खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर मी टेकलो.

भाऊ वीज मंडळात लाइनमन होते. तेल्हाऱ्याला मी तहसिलात कारकून म्हणून गेलो, तेव्हा आमच्या खोल्या एका भिंतीला लागून होत्या. संध्याकाळी ते खांबावरून उतरून यायचे, हातपाय धुवायचे आणि ओसरीवर पट मांडायचे. माझी एकेक खेळी होईपर्यंत चहा थंड व्हायचा. "तू कागदाचा माणूस," ते म्हणायचे, "वरून सही झाल्याबिगर तुयाच्यानं हात उचलत नाई." ते मात्र मोहरा असा उचलायचे, की तो कुठे ठेवायचा हे जणू आदल्या दिवशीच ठरलंय. हरायचेही तसेच, मोठ्यानं हसत. मला त्या हसण्याचा राग यायचा, कारण जिंकूनही मला तेवढा आनंद कधी झाला नाही. पुढे बदल्या झाल्या, मुलं मोठी झाली, आम्ही दोघं निवृत्त झालो. ते अकोल्यात राहिले, मी अमरावतीत, आणि पट सुटला.

तो पुन्हा मांडला भाऊंनीच, फोनवर. त्यांच्या खात्यातले दोन जुने सोबती, परतवाड्याचे मोटारपार्टवाले शब्बीरभाई, निवृत्त मुख्याध्यापिका कुंदाताई आणि मी अशी जुळवाजुळव केली, मग त्यांच्या लक्षात आलं की आपण धरून सहा झालो. दोघा सोबत्यांपैकी एकानं मुलाकडे नागपूरला जायचं निमित्त करून अंग काढलं, म्हणून पाच. रोज एक खेळी. प्रत्येकानं आपलं मत चारच्या आत कुंदाताईंना कळवायचं, त्या मोजून पाचला निकाल सांगायच्या. त्याआधी कुणी कुणाला फोन करायचा नाही. आणि शेवटचा नियम खास भाऊंचा... ज्यांचं मत हरलं, त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं ती खेळी आपल्या हातानं खेळायची. म्हणजे उद्या डाव बिघडला, तरी हात आपलाही होता. बहुतेक वेळा मत भाऊंचंच हरायचं. ते निमूट खेळायचे आणि ग्रुपवर एकच शब्द टाकायचे, 'खेळलो'.

त्या यंत्राला आम्ही एकदाही हरवलं नव्हतं. या शेवटच्या डावात मात्र पहिल्यांदा आमचं पारडं जरा बरं होतं. भाऊंना हत्ती द्यायचा होता. जवळजवळ फुकट, यंत्राच्या राजासमोरचं एक प्यादं घेऊन. मला वजिराला वजीर मारून मोकळं व्हायचं होतं, निदान बरोबरी तरी पदरात पडली असती. कुंदाताई भाऊंच्या बाजूनं झुकतील हे मला दिसत होतं. म्हणून भाऊ जाण्याआधीच्या सोमवारी दुपारी मी शब्बीरभाईंना फोन केला. दुसऱ्याच कशासाठी केल्यासारखा केला आणि बोलता बोलता सांगितलं, की हत्ती देणं म्हणजे वेडेपणा आहे. शब्बीरभाई भिडस्त माणूस. मत तीन विरुद्ध दोन पडलं.

भाऊ तेव्हा दवाखान्यात होते. दोन दिवसांची गोष्ट आहे, असं त्यांनीच सांगितलेलं आणि आम्ही ते मानलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "खेळलो बे मी, नियम हाय. पण हत्ती देला असता तं मजा आली असती." माझ्या ओठांवर आलं होतं, की भाऊ, मी लबाडी केली. म्हटलं रविवारी भेटायला जाऊ, तेव्हा समोर बसून सांगू. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या आणि हसले असते. मी आराम करा म्हणालो आणि फोन ठेवला.

तेरवीनंतर चौघांनी तो डाव संपवला. हरलो. डाव संपला की कोणत्या खेळीला काय करायला हवं होतं, ते यंत्राला विचारता येतं. इतर तिघांनी विचारलं नाही. मी आठवडाभर टाळलं आणि एका सकाळी, बायको देवळात गेलेली असताना, विचारलं. यंत्रानं हत्तीच दिला. पुढच्या पाच खेळ्यांत समोरचा राजा उघडा पडत होता आणि आम्ही जिंकत होतो. मी तो हत्ती पुन्हा पुन्हा देऊन पाहिला. भाऊंनी हे सगळं खाटेवर पडल्या पडल्या पाहिलं असेल आणि तरी माझी खेळी स्वतःच्या बोटानं खेळली असेल, हे मला सोसवेना.

मागच्या रविवारी मी अकोल्याला गेलो. वहिनी पुढच्या खोलीत तूर निवडत होत्या. खिडकीशी भाऊंची खुर्ची, तिच्या पाठीवर त्यांचा दुपट्टा तसाच. मी त्या खुर्चीत बसलो नाही. वहिनींना बुद्धिबळातलं काही कळत नाही, तरी मी शब्बीरभाईंच्या फोनपासून सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे त्याईचं बराबर होतं?"

मी हो म्हणालो.

"मले काहून सांगता भाऊजी? ते दवाखान्यात रोज इचारत होते, तो आला का म्हनून."

रागानं नाही म्हणाल्या. पुन्हा सूप उचललं आणि खडे वेचू लागल्या. मग म्हणाल्या, की बाकीच्यांना तरी सांगा, नाहीतर म्हातारा हट्टी होता एवढंच त्यांच्या डोक्यात राहील.

म्हणून हे लिहिलं. कुंदाताई या पेपरची पुरवणी वाचतात, त्या इतरांनाही सांगतील. भाऊ बरोबर होते, आणि मी लबाडी करून त्यांना हरवलं. हे सांगायला मला फक्त अकोल्यापर्यंत जायचं होतं, आणि माझ्या हातात पुरे दोन दिवस होते.