पितळी इंजिनाचा बी-१७

आमच्या घरातलं पितळी इंजिन कुणी बनवलं ते मी शोधून काढलं, आणि तेव्हापासून घरात मला कुणी काही शोधायला सांगत नाही.

ते आगगाडीचं वीतभर, शोभेचं इंजिन बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने जपानहून आणलेलं. बाबा विक्रोळीच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. त्यातलं बारीक डाखकाम, डाग न पडता जोडलेला एकेक सांधा बघून त्यांना अजून भरून येतं. यंदा अठ्ठ्याहत्तरावं लागलं तसे म्हणाले, "खोक्यावर विकणाऱ्याचं नाव आहे रे. बनवणारा कोण? त्या माणसाचं नाव कळायला हवं मला."

"आठ दिवसांत सांगतो!" मी म्हणालो. (मला साधा फ्यूज बदलता येत नाही.)

भिंग घेऊन इंजिन उलटं केलं, तर पोटाखाली बारीक ठिपक्यांनी इंग्रजीत कोरलेलं: बी-१७! फोटो काढला आणि असली इंजिनं जमवणाऱ्यांच्या परदेशी ग्रुपवर टाकला. एकच हलकल्लोळ! कुणी म्हणे, बी म्हणजे दुसरी खेप, त्यातला सतरावा नग. कुणी म्हणे, असे ठिपके टोकियोजवळच्या एकाच म्हाताऱ्या कारागिराचे. एका गृहस्थाने तर छातीठोकपणे लिहिलं की त्याच्या इंजिनावर बी-१६ आहे! झालं, पुरावाच मिळाला.

रविवारी इंजिन बाबांच्या हातात ठेवून मी सगळं सांगितलं. बाबांचे डोळे पाणावले. त्यांनी इंजिनालाच नमस्कार केला.

"कसला म्हातारा?" आई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली. "तो नंबर मी घातलाय."

"काय?"

"अरे मेल्या, गणपतीच्या देखाव्याला मंडळाने नेलं होतं ना! परत नको यायला? भांडीवाल्याकडे पातेल्यांवर नंबर घालून घेत होते, त्यातच हेही दिलं. जुन्या बिल्डिंगमधली आपली खोली. बी विंग, सतरा नंबर. बावीस वर्षं राहिलास ना रे तिथे?"

ती बिल्डिंग पाडली, आम्ही मुलुंडला एकोणिसाव्या मजल्यावर आलो. (पण रोज ज्या पातेल्यातला भात मी वाढून घेतो, त्यावर अजून बी-१७ च आहे.) जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. एकोणिसाव्या मजल्यावर तीही सोय नाही!

बाबांनी इंजिन उलटं करून ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आणि तो बी-सोळा?"

आईच्या हातातली जुडी खाली पडली. "सोळात सावंतीण राहायची! तिच्याकडेही इंजिन होतं? कधी दाखवलं नाही हो मेलीने!"

बाबा त्या कारागिराचं नाव अजून शोधतायत, फक्त मला विचारत नाहीत. ग्रुपने मात्र परवाच मला 'बी मालिकेचे तज्ज्ञ' जाहीर केलं. नाही म्हणायला जीभ रेटली नाही. बावीस वर्षं काढलीयत मी त्या मालिकेत!