दिल्लीचा वाटा

खोकल्याच्या औषधाच्या बिलावर कर दोन सारख्या ओळींत छापला होता. एक केंद्राचा, एक राज्याचा. औषधाच्या दुकानासमोर गावच्या सरकारी दवाखान्याच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या.

“राज्याचा वाटा भिंतींत संपला. दिल्लीचा आला की वर छत चढेल,” दुकानातल्या काकू म्हणाल्या.

त्यांची सून बाळंतपणासाठी तालुक्याला नेताना जीपमध्येच दगावली होती.

मी त्या दोन ओळींकडे पाहत राहिलो. दोन्ही वाटे निघतात इथूनच. इतक्या लांब गेल्यावर आपण कुठले, हे विसरत असतील.

दिवेलागणीला काकू पणती घेऊन समोर गेल्या. जी खोली बाळंतिणींची होणार होती, तिला दार नव्हतंच. तरी उंबऱ्याशी थांबून त्यांनी विचारलं, “येऊ का गं आत?”