दत्तूमामांचं दुसरं स्वातंत्र्य

दत्तूमामा गेल्याचं मामींनी फोनवर कळवलं. त्यांचं आणि माझं घर हरणीच्या एकाच सोसायटीत. मी दोन इमारती ओलांडून पोचलो, तर नातेवाईक आधीच हजर. रडायला नव्हे, पेपरातला मजकूर ठरवायला! 'ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिक' ठळक हवं, दफनविधीचा उल्लेख नको, यावर एकमत झालं होतं. ज्याच्या घरचं पाणी या मंडळींनी चाळीस वर्षं प्यायलं नाही, त्याचा तुरुंगवास मात्र आता सगळ्यांना आपला वाटत होता.

बेचाळीसच्या चळवळीत मामा कॉलेज सोडून तुरुंगात गेले. तिथे एका हवालदारानं काठीनं त्यांच्या उजव्या हाताची बोटं मोडली. देश स्वतंत्र झाला, मामा शाळेत गणित शिकवू लागले आणि तो हवालदार बढती घेऊन फौजदार झाला. "झेंडा वर जाताना लोक वर बघायचे," मामा सांगत, "मी गर्दीत त्याचं तोंड शोधायचो." दहा वर्षं हेच. मग शाळेतल्या एका ख्रिस्ती शिक्षकाबरोबर ते प्रार्थनेला जाऊ लागले, आणि एके दिवशी सरळ त्या फौजदाराच्या घरी जाऊन चहा पिऊन आले. पुढच्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. पणजोबा संस्थानात कारकून होते, एवढ्यावर तीन पिढ्या मान ताठ ठेवणारं आमचं घराणं हादरलं. "मिशनऱ्यांनी काय दिलं रे तुला?" माझ्या आईनं सख्ख्या भावाला विचारलं. "झोप दिली, ताई," मामा म्हणाले. आईनं तोंड फिरवलं ते कायमचं.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा सोसायटीला अचानक स्वातंत्र्यसैनिक हवासा झाला. आयुष्यात कशासाठी चटकाही न सोसलेले गुजराती सेक्रेटरी शाल घेऊन आले आणि बजावून गेले, "काका, देशनी वात करजो. चर्चनी नहीं, हं!" म्हणजे बोलायचं ते फक्त देशाबद्दल. झेंडावंदनाला माईकची व्यवस्था माझ्याकडे होती. मामा बोलायला उभे राहिले. "इंग्रज गेले, पण मी कैदीच होतो. त्या हवालदाराला मी मनात रोज मारत होतो. येशूनं मला त्यातून..." सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी वायर ओढली.

लोकांनी भाषण संपलं समजून टाळ्या वाजवल्या. देशभक्तांची घाई केवढी, लगेच गाण्यांची कॅसेट लागली. मामा खाली आले. "वायर सैल होती का रे?" "हो, मामा." "बरं," म्हणाले, आणि माझ्या खांद्याला धरून घरी चालत गेले.

दफनाला मोजून सहा नातेवाईक आले. पंधरा दिवसांनी मामींनी मला मामांच्या खोलीत नेलं. खिडकीशी वेताची खुर्ची होती. "रोज पहाटे इथे बसून, ज्यांनी दुखावलं त्यांची नावं घेऊन प्रार्थना करायचे," त्या म्हणाल्या. "त्या ऑगस्टमध्ये तुझंही नाव असायचं."

म्हणजे त्यांना माहीत होतं... "किती दिवस?" मी विचारलं.

"चारेक दिवस. मग म्हणाले, माझ्याकडून तो सुटला."

परवा मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. नातेवाईकांची नावं घेतली, सेक्रेटरींचं घेतलं. तिटकारा तसूभरही हलला नाही. मग स्वतःचं नाव घ्यायला गेलो, ते तोंडातून निघेना. मामी दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "बस अजून थोडा. त्यांनाही दहा वर्षं लागली होती."