सागवानाची तब्येत

आता काय सांगू तुम्हाला, हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच! तेव्हा आधीच कबूल करून टाकतो. चांगल्या धडधाकट लाकडाला सरकारी तपासणीत स्वतःच्या हाताने नापास करून दाखवणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत मी एकटाच असेन. आणि लाकूड तरी कुठलं? बर्म्याचं सागवान!

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. आयात खुली झाली, लायसन्स-परमिटाची कटकट गेली, असं जो तो सांगत होता. काचीगुड्यात माझं प्लायवूड आणि बिजागऱ्यांचं छोटं दुकान. मलाही वाटायला लागलं, आपण काय कायम बिजागऱ्याच विकायच्या का?

त्यात यूसुफभाई आले. यूसुफभाई म्हणजे अंबरपेठेतले सुतार. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांत राबलेले, पण हात असा की दार लावलं तर आवाज नाही. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर मोठी ऑर्डर मिळाली होती. एका नव्या फंक्शन हॉलची सगळी दारं! अट एकच, लग्नसराईच्या आत दारं बसली पाहिजेत. हे काम वेळेत झालं की पुढचे दोन हॉलही त्यांनाच मिळणार होते. मग स्वतःचा कारखाना, दारावर स्वतःच्या नावाची पाटी. पाटीवरची अक्षरं कशी कोरायची तेसुद्धा त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं.

"लकड़ा तुम मंगाओ दिलीपभाई, बाकी मेरे पे छोड़ो," ते म्हणाले. मी मागवलं.

माल शहराबाहेरच्या कंटेनर डेपोत आला. आणि तिथे कळलं की लाकडाच्या आरोग्य तपासणीची फी भरावी लागते. लाकडाच्या आरोग्याची! मी खिडकीवरच भांडायला उभा राहिलो.

"साहब, ये मरा हुआ लकड़ा है. इसकी क्या तबियत देखते?"

तपासणीचे अधिकारी मूर्तिसाहेब मागेच उभे होते. शांत माणूस, खिशात भिंग. म्हणाले, "लकड़ा मरा अंडी, अंदर का कीड़ा जिंदा रहता." ते 'अंडी' म्हणजे तेलुगूतलं 'अहो' बरं का!

खरं तर इथेच गप्प बसायचं. पण मी पडलो वर्तमानपत्र वाचणारा! सरकारनं दारं उघडली म्हणतात आणि ही फी कसली, यावर मी तीन दिवस अर्ज लिहीत बसलो. तीन दिवस! शेवटी यूसुफभाईच काकुळतीला आले. "भर दो ना भई, फीसच तो है. दरवाजे मेरे को बनाने हैं." मग कुठे मी डिमांड ड्राफ्ट काढला. तपासणी दुसऱ्या दिवशी अकराला ठरली.

त्या संध्याकाळी बरकतपुऱ्यातल्या घरी आईनं विचारलं, "नवा माल आला, पूजा केलीस का?"

आम्ही मूळचे मराठवाड्यातले शेतकरी. आमच्यात तिफण पुजल्याशिवाय पेरणी नाही आणि हार घातल्याशिवाय स्कूटरला किक नाही. मग एवढं परदेशी सागवान बिनपुजेचं कसं राहील? मी सकाळी सातलाच डेपोत हजर. तपासणीसाठी ओंडके शेडमध्ये उतरवून ठेवलेले होते. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले, आंब्याचा डहाळा लावला. नारळ फोडून पाणी शिंपडलं. आईनं पंचामृत दिलं होतं, मध जरा सढळ हातानं घातलेलं, तेही प्रत्येक ओंडक्यावर पळी पळी सोडलं. वर गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य!

यूसुफभाई नुकतेच आले होते. म्हणाले, "पहले साहब को देख लेने दो. बाद में करो ना जो करना सो."

"अहो यूसुफभाई, शुभ काम है," मी म्हणालो आणि त्यांच्याही कपाळाला टिळा लावला. बिचाऱ्यांनी लावून घेतला. आम्ही दोघं नाश्त्याला गेलो.

अकराला परत आलो तेव्हा मूर्तिसाहेब ओंडक्यासमोर वाकून उभे होते. भिंग खिशातच होतं. भिंगाची गरजच नव्हती! शेडच्या भिंतीपासून ओंडक्यापर्यंत मुंग्यांची काळी रांग लागली होती आणि ती सालीच्या फटीत शिरत होती.

"ये क्या है?" साहेब.

"पूजा, सर."

"पूजा दिखी मेरे को. ये चलरे सो क्या है?"

"चींटियां, सर. पर लोकल हैं! बर्मा की नहीं!"

"मेरे फारम में लोकल-बर्मा का खाना नहीं है. जिंदा कीड़ा है कि नहीं, इतनाच है."

पण माणूस मनानं खरंच चांगला होता हो. त्यांनी पेन बंद केलं. म्हणाले, "मैं कुछ लिखा नहीं. तीन बजे फिर आता. पोंछ के, साफ करके रखो."

संपलं होतं सगळं! फडकं घ्यायचं, पुसायचं, तीन वाजता सही घ्यायची. यूसुफभाईंनी तर लगेच डोक्याचा रुमाल सोडून ओला केला आणि पुसायला लागले. आणि मी काय केलं? फॉर्मात रकाना नाही म्हणे! मला ते 'खाना नहीं है' फार लागलं. मुंग्या आपल्याच आहेत हे सिद्ध केल्याशिवाय मला चैन पडेना. स्कूटर काढली आणि थेट घर गाठलं.

"आई, एक बरणी दे. आणि मुंग्या कुठे आहेत आपल्याकडे?"

"मुंग्या? कशाला रे?"

"सरकारी कामाला."

तीनच्या ठोक्याला मी डेपोत! ओंडके आरशासारखे लख्ख. एक मुंगी नाही. यूसुफभाई घामानं निथळत होते, पण चेहरा फुललेला. साहेबांनी फिरून पाहिलं, मान हलवली, पेन काढलं. आणि त्याच क्षणी मी पुढे झालो.

"सर, सही से पहले एक मिनट! ये देखो, मेरे घर की चींटी. सेम टू सेम!"

"नक्को दिलीपभाई, नक्को!" यूसुफभाई ओरडले.

पण मी झाकण फिरवलं होतं. घट्ट बसलेलं झाकण एकदम निघालं, बरणी हातातून निसटली आणि गुळासकट सगळा ऐवज सागवानावर! मुंग्या काय, अंधार मिळाला की आत. फटीफटीतून दिसेनाशा झाल्या.

साहेबांनी वाकून फटीत पाहिलं. मग हळूच म्हणाले, "अब तो मेरे सामने गए. अब मैं क्या करूं, बोलो?"

त्यांनी लिहिलं. धुरी देण्याचा हुकूम झाला. धुरीचा खर्च, फेरतपासणीची नवी फी, नवा ड्राफ्ट, त्यात बँकेच्या सुट्ट्या. माल सुटला तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते. हॉलवाल्यानं दुसरीकडून तयार दारं आणून बसवली होती. पुढचे दोन हॉलही त्या दुसऱ्यालाच मिळाले.

पुढच्या सोमवारी यूसुफभाई परत जुन्या मालकाच्या कारखान्यात गेले. मी सागवान थोडं थोडं करून विकलं. त्या कागदावरच्या पाटीबद्दल विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. फीपायी घालवलेले ते तीन दिवस आणि ती एक बरणी, दोन्ही माझ्या डोक्यातून जात नाहीत.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी यूसुफभाई घरी आले. रिक्षातून काहीतरी चादरीत गुंडाळून आणलेलं. उरलेल्या चार फळ्या मी त्यांना नेऊन दिल्या होत्या, त्यांचा देव्हारा केला होता. कळस, कोरीव खांब, छोटी दारं. दारं लावली तर आवाज नाही.

"अम्मा के वास्ते," ते म्हणाले. मी नुसता त्यांचा हात धरून उभा राहिलो.

आईला यातलं काहीच मी कधी सांगितलं नाही. त्यामुळे घरी कोणी आलं की ती मोठ्या कौतुकानं देव्हारा दाखवते. "आमच्या दिलीपनं डेपोत जाऊन मनापासून पूजा केली ना, म्हणून बर्म्याचं सागवान घरात आलं!"

परवाही तिनं हेच सांगितलं, नेमके यूसुफभाई समोर चहा पीत बसले होते. मी मान खाली घातली.

त्यांनी बशी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "हौ अम्मा. बहुत असर हुआ उस पूजा का."