पळणाऱ्याला गाडीवर घेणारं गाव

आमच्या कुंभारीत व्यायाम करता येत नाही. यात माझा आळस नाही. गावात मोटारसायकली फार आहेत आणि त्या चालवणारी माणसं भलतीच प्रेमळ आहेत.

मला कॉलेजच्या एनसीसीत जायचं होतं. (आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. काहीतरी करून दाखवणं भाग होतं.) निवडीसाठी पळावं लागतं, म्हणून रोज सकाळी सोलापूरच्या रस्त्यानं पळायचं ठरवलं.

पहिल्याच दिवशी शेजारचे शिवाप्पामामा गाडी घेऊन आडवे आले.

"काय रं, एष्टी चुकली व्हय? बस मागं."

"नाही मामा, व्यायाम करतोय."

"कॉलेजात जाऊन कर की. बस."

"नको, खरंच."

मामांनी गाडी बंद केली. "तुझ्या बापाचं आन् माझं काय बिनसलंय का?"

बसलो. आमच्याकडं मोठ्या माणसाच्या गाडीला नको म्हणणं म्हणजे दोन घरांत भांडण लावणं. मामांनी मला थेट कॉलेजच्या गेटवर सोडलं. (चड्डीत.) निदान परत तरी पळत जाऊ म्हटलं, तर दूधवाल्या अण्णांनी कॅनच्या मधे कोंबून घरी पोचवलं. आठवडाभर हेच! मी घरून पळत निघायचो आणि मळ्याच्या वळणापुढं स्वतःच्या पायांनी कधी पोचायचोच नाही.

वर लोक म्हणायला लागले, "एष्टीचं पैसं वाचवायला पोराला कॉलेजला पळवत धाडत्यात." दादा, म्हणजे माझे वडील, भडकले. "उद्या मीच येतो. कोण बसवतंय बघतो." ते माझ्या शेजारून गाडी चालवू लागले आणि दिसेल त्याला सांगू लागले, "बसवू नगा त्याला. त्याला पळायलाच लागतंय."

लोकांनी ऐकलं. संध्याकाळी शिवाप्पामामी कारल्याचा रस घेऊन दारात हजर.

"एवढ्याशा वयात शुगर? आता पोरगी कोन देनार ओ ह्याला?"

"मामी, मला काहीच झालेलं नाही."

"सगळी असंच म्हनत्यात बाबा. पी."

आई रडायला लागली. आता सांगा, यात माझा काय गुन्हा होता? पण दादांनी निकाल दिला, "पळणं बंद. उद्यापासनं जो बोलवंल त्याच्या गाडीवर मुकाट बसायचं. गावाला दिसू दे, पोरगं धडधाकट हाय."

म्हणजे निवडीसाठी माझा सगळा सराव झाला तो बसण्याचा.

तरीही निवडीच्या दिवशी मी जीव तोडून पळालो. शेवटच्या फेरीत चक्क पुढच्या चौघांत होतो. एनसीसीचे सर स्कूटरवरून मैदानाला चकरा मारत मुलांवर लक्ष ठेवत होते. माझ्याजवळ आल्यावर त्यांनी वेग कमी केला आणि कौतुकानं विचारलं, "कुठल्या गावचा रे तू?"

मी "कुंभारी" म्हणालो आणि सरांना वाईट वाटू नये म्हणून मागं बसलो.